सीटखालचा सायलेन्सर

चामोर्शीच्या आरिफ वेल्डरला सायलेन्सरची छिद्रं बुजवता येत होती, गाडीचा वाकलेला पुढचा चिमटा सरळ करता येत होता, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना गप्प राहता येत होतं. शेवटचा गुण त्याच्या धंद्यात दुर्मिळ. त्यामुळे २००३ च्या पावसाळ्यात श्रावण नावाचा आरोग्य सेवक त्याच्याकडे मोटारसायकल ढकलत आला, तेव्हा आरिफने आधी सगळं ऐकून घेतलं.

श्रावणकडे नाल्यापलीकडची गावं होती. लहान मुलांना पोलिओचे डोस द्यायचे, म्हणजे बर्फाच्या डब्यातून कुप्या न्यायच्या. डबा मागच्या कॅरिअरला बांधायचा आणि नाल्यातून गाडी काढायची. रपट्यावरून, म्हणजे नाल्यातल्या बुटक्या पुलावरून, पाणी गुडघ्याला लागलं की गाडी मधोमध बंद पडे, सायलेन्सरमध्ये पाणी शिरे आणि ती पुन्हा काही केल्या चालू होत नसे.

"मागच्या खेपेले बायका वाट पाहून पाहून धानाच्या रोवण्यावर चालल्या गेल्या," श्रावण म्हणाला. "लेकरं तशीच राह्यली. मले सांगा आरिफभाऊ, याचं काई होते का?"

आरिफच्या दुकानात नागपूरच्या एका स्पेअर पार्टवाल्याचं कॅलेंडर होतं. त्यावरच्या विदेशी गाडीचा सायलेन्सर सीटखालून जाऊन मागच्या दिव्याजवळ निघत होता. आरिफ ते चित्र रोज पाही. इतक्या उंचीवर पाणी कुठून येणार, हे त्याला पटलेलं होतं. बाकीचा विचार त्याने केलेला नव्हता.

"होते," तो म्हणाला.

पाइप वाकवून, सांध्याला सांधा जोडून त्याने सायलेन्सर वर चढवला. पहिली चक्कर बायकोला, शाजियाला, मागे बसवून मारली. चौकापर्यंत जाऊन येताच ती उतरली.

"सीट बनवली का तवा बनवला? भाकर टाकून देऊ का?"

"पोटरी तर नाई भाजली ना?"

शाजियाने पोटरीकडे पाहिलं. तिथे जुन्या, बाजूच्या सायलेन्सरचा डाग होता, गावातल्या निम्म्या बायकांच्या पायावर असतो तसा. "पोटरी नाई भाजली," ती म्हणाली, "पण आता भाजलं ते कोणाले दाखवता येत नाई."

आरिफने सीटखाली पत्रा ठोकला. गाडी मागून जड लागू लागली, वळणावर डुलू लागली, आवाजही घसा बसल्यासारखा झाला. पिकअप वाढला की कमी झाला, हे त्याला दोन चकरा मारूनही सांगता येईना. राहता राहिला डबा. कॅरिअर आता नेमकं सायलेन्सरच्या तोंडावर आलं होतं. त्यावर आरिफला उपाय लगेच सुचला. उन्हाळ्यात या भागात माठ असो की भाजी, सगळं ओल्या बारदान्यात, म्हणजे गोणपाटात, गुंडाळून थंड ठेवतात. त्याने बारदाना भिजवून दुहेरी घडी केली आणि डब्याखाली घातली.

लसीकरणाच्या दिवशी तो स्वतः श्रावणच्या मागे बसला. नाल्याला पाणी होतंच. गाडी फुरफुरत शिरली आणि न थांबता पलीकडे निघाली. आरिफ मागून ओरडला, "पाह्यलं का!" आयुष्यात पहिल्यांदा त्याने चित्रातली वस्तू खरी करून दाखवली होती.

शाळेच्या व्हरांड्यात बायका बसल्या होत्या. श्रावणने डब्याचे दोर सोडले आणि हात झटकन मागे घेतला. बारदान्यातून वाफ निघत होती. डब्याचं प्लास्टिकचं बूड मऊ होऊन वाकलं होतं. आतला बर्फ वितळून कोमट पाणी झालं होतं.

श्रावणने कुपी उजेडात धरली. तिच्यावर एक जांभळट वर्तुळ असतं आणि त्यात फिका चौकोन. उष्णतेने चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाइतका गडद झाला की कुपी फेकायची.

"फिका आहे," श्रावण म्हणाला. मग म्हणाला, "आहे ना?"

आरिफने कुपी हातात घेतली. सावलीत चौकोन फिका दिसे, उन्हात वर्तुळासारखाच. त्याने एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. "मले तर सारखाच दिसून राह्यला."

"आता तर तुमीच फिका म्हटलं," श्रावण म्हणाला.

"मी नाई म्हटलं. तुमी म्हटलं."

बुधरी नावाची बाई कडेवरचं पोर सावरत पुढे आली. "डोस देऊन राह्यले का नुसते पाहूनच राह्यले? मले रोवण्यावर जायचं आहे."

श्रावणने कुप्या परत डब्यात ठेवल्या. शंका आली की डोस द्यायचा नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. "बाई, थोडं थांबा," तो म्हणाला. "दुसरा डबा आणतो."

"मागंही अशीच वाट पाह्यली होती," बुधरी म्हणाली, पण बसली. ती बसली म्हणून बाकीच्याही बसल्या.

श्रावणला बायकांना धरून ठेवणं भाग होतं, म्हणून त्याने आरोग्य केंद्रातल्या सिस्टरच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली आणि आरिफ एकटा निघाला. नाला चढला होता. पाणी जुन्या सायलेन्सरच्या उंचीच्या वर होतं. गाडी गेली. सिस्टरने दुसरा डबा दिला. या वेळी त्याने तो छातीशी बांधला आणि हनुवटी वर करून गाडी हाकली. परत नाल्यातून गाडी गेली. या डब्यातला बर्फ दगडासारखा होता. बुधरीच्या पोराने डोस घेतला, तोंड वाकडं केलं आणि ते रडलं. एकही पोर राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी श्रावण दुकानासमोर येऊन उभा राहिला. "ठेवायचा का काढायचा?"

आरिफ गाडीभोवती फिरला. या सायलेन्सरने एक डबा नासवला होता. हा नसता तर दुसरा डबा पोचला नसता. पण हा नसता तर दुसरा डबा लागलाच नसता. पण मग पहिला तरी नाल्यापलीकडे गेला असता का? तो पुन्हा एक फेरा फिरला. शेवटी त्याने गॅस-कटरचा कॉक उघडला.

"सायलेन्सर राहू द्या," तो म्हणाला. "कॅरिअर कापतो. ते राह्यलं तर तुमी एखाद दिवशी डबा मागंच बांधसाल."

"आणि घरचा तांदळाचा कट्टा? ते पोतं कुठी बांधू?"

आरिफने याचाही विचार केलेला नव्हता. त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कापायला सुरुवात केली.