काकूंची वाटी

घरातलं फालतू सामान कसं काढावं, हे मी मोबाइलवर शिकले. दोन महिने रोज दुपारी आडवी पडून मी अशा बायकांचे व्हिडिओ बघितले, ज्यांच्या ओट्यावर एक चमचासुद्धा दिसत नाही. त्यातल्या एकीने सांगितलं, टीव्ही घराबाहेर काढा. झालं! बँकेतून रिटायर झालेल्या बाईला काहीतरी काम हवंच होतं. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

आठ दिवसांत मी घर चकाचक केलं. आमचे हे म्हणाले, "अगं, मला पण कबाडीला देशील एक दिवस." मी म्हटलं, जोडी नसती तर दिलंच असतं. तोच माझा नियम होता, जोडी नसलेली वस्तू बाहेर. टीव्ही कामवाली बाई भैरवगढला आपल्या घरी घेऊन गेली. भिंतीवर फिकट चौकोन राहिला आणि मी त्याच्याकडे कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिले. फार अभिमान वाटला होता हो मला.

संध्याकाळी सातला शेजारच्या काकू आल्या. त्या रोजच येत. फ्रीगंजच्या आमच्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, आणि गेली अठरा वर्षं सातची मराठी सीरियल त्यांनी आमच्याकडे बघितली. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता असं नाही. पण तो नातवाच्या ताब्यात, सून भोपाळची, मुलगाही आता घरात हिंदीच बोलतो. आमच्या ह्या हिंदी मुलखात दिवसभरात काकूंच्या कानावर मराठी पडायची ती आमच्या हॉलमध्ये. मला हे माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मला पक्कं माहीत होतं.

काकू चौकोनासमोर आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या. मी त्यांना भाषण दिलं. डोळे खराब होतात, डोकं खराब होतं, सीरियलमध्ये असतं तरी काय, तुम्ही पण सोडा. नव्वदीला टेकलेल्या बाईला मी हे सांगत होते, आणि माझ्या हातात मोबाइल होता! काकू म्हणाल्या, "छान केलंस हो. घर कसं मोकळं मोकळं झालंय." मग पाच मिनिटं हात मांडीवर ठेवून बसल्या आणि उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशीही आल्या. थोडा वेळ बसल्या. मी आत कपाट आवरत होते, तिथूनच ओरडून विचारलं, "चहा टाकू का?" नको म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी आल्या त्या बसल्याच नाहीत.

"तेवढी माझी वाटी दे गं," दारातूनच म्हणाल्या. "आता रोजचं येणं नाही व्हायचं. तुझ्याकडे राहून जाईल."

वाटी त्यांच्या घरी असली की काकू कधी रिकाम्या हाताने आल्या नाहीत. कधी वाटली डाळ, कधी बाफल्यांचा, म्हणजे इकडच्या कणकेच्या भाजलेल्या गोळ्यांचा, चुरमा, काही नसलं तर लोणच्याची फोड, पण स्टीलच्या वाटीत घालून आणणारच. आणि आमच्यात वाटी रिकामी परत करत नाहीत, म्हणून ती आमच्याकडे चार दिवस पडून राहायची, मग मी त्यात शिरा किंवा साखर घालून पाठवायची. त्यांच्या लग्नातल्या सेटमधली ती एकच उरलेली वाटी. कडेला मशीनने टिपके टिपके करून नाव कोरलेलं.

जोडी नसलेली वाटी. तीही माझ्या नियमाने बाहेर गेली होती. देवास गेटजवळच्या बर्तनवाल्याकडे मी पोतंभर जुनी भांडी नेली होती आणि बदल्यात एक मोठा डबा आणला होता. तो ओट्यावर काकूंच्या डोळ्यांसमोर चमकत होता.

खोटं बोलावंसं वाटलं. शोधून पाठवते, असं तोंडापर्यंत आलं. पण काकूंचा हात पुढेच होता, म्हणून सांगून टाकलं. त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते, माझा स्वभावच तसा आहे. त्या रागावल्या नाहीत. चप्पल घालत म्हणाल्या, "चल, बघून येऊ. ह्यांच्या नावाची आहे ना ती."

आम्ही ई-रिक्षाने निघालो. रस्ताभर मीच बोलत होते, ट्रॅफिकबद्दल, दर्शनाला येणाऱ्या गर्दीबद्दल, काहीही. काकू रिक्षाचा दांडा धरून बसल्या होत्या.

दुकानात भांड्यांची पोती थप्पीने लावलेली. बर्तनवाला भला माणूस निघाला. म्हणाला, "कटोरियां तो ढेर सारी हैं, माताजी. नाम क्या लिखा है?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं.

त्या का बघताहेत ते मला कळलं. त्यांच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ह्यांचं, घरातल्यांचं, मुलाच्या बाबांचं, असं म्हणतात. बरोबर कोणी असेल तर त्याने नाव सांगायचं, एवढी साधी रीत. काकांना जाऊन तीस वर्षं झाली तरी काकूंची रीत तीच.

मला नाव माहीत नव्हतं.

अठरा वर्षं ती वाटी मी घासली, पुसली, शिरा घालून पाठवली. कोरलेल्या अक्षरांत अडकलेला शिरा नखाने काढला. नाव कधी वाचलं नाही. काकू सीरियल बघायच्या तेव्हा मी आतल्या खोलीत मोबाइल घेऊन बसलेली असायची. त्यांच्या घरच्या माणसाचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्या दुकानात उभ्या उभ्या झालं मला.

माझ्याकडून काही येत नाही हे बघून काकूंनी डोक्यावर पदर घेतला आणि खाली बघत, पुटपुटल्यासारखं, नाव सांगितलं.

"ज़रा ज़ोर से, माताजी. सुनाई नहीं दिया."

काकूंनी पुन्हा सांगितलं. मोठ्याने, आडनावासकट. बाजूच्या काउंटरवर कुकर बघणारी दोन माणसं वळून बघायला लागली. मग काकूंनी शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही कान धरले, डोळे मिटले आणि कोणाची तरी माफी मागितली. माझी तर नव्हेच.

बर्तनवाल्याने दोन पोती उपसली. वाटी मिळाली नाही.

नाव मात्र आता मला पाठ आहे.