आपल्याच रानात सरकारी हजेरी

"योजनांनी गावाकडचे लोक आळशी झालेत," हे वाक्य आमच्या सोसायटीत दर रविवारी चहाबरोबर फिरतं. मी तावातावानं उलट बोलते खरी, पण माझं ज्ञानही पेपर वाचण्यापुरतंच. म्हणून बचतगटांच्या प्रदर्शनात शेंगाचटणी विकणाऱ्या सुमनताई "या की कवातरी भूमकडं" म्हणाल्या, तेव्हा मी ते मनावरच घेतलं. सप्टेंबर संपता संपता निघाले.

स्वारगेटहून बार्शी, तिथं गाडी बदलून भूम. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे योजनेचा पहिला लाभ मीच घेतला. आळशी काही झाले नाही, उलट खिडकीची जागा धरायला पळाले. बार्शी सोडली की गर्दी विरळ होते आणि माळ सुरू होतो. भूमला उतरलात तर खव्याचे पेढे घ्याच. पुढं सुमनताईंच्या गावाला काळी-पिवळी जीप जाते. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा तासभर हाताशी ठेवा.

सुमनताईंचं रान एकरभर. रोजगार हमीतून आधी विहीर झाली, मग तुतीची लागवड, मग रेशमाच्या आळ्यांसाठी शेड. गंमत अशी की तुती लावायची आणि शेड उभारायची मजुरी त्यांना स्वतःलाच मिळाली.

"आधी रस्त्याच्या कामावर खडी वाहिली म्या," त्या सांगत होत्या. "आन आता रान माझं, काम माझं, हजेरी सरकारची. पयल्या दिशी हजेरीचा फोटू काढला तवा मला हसूच आवरंना. आपल्याच घरात आपुन पाव्हनं!"

"मजुरी वेळेवर आली का?"

"आली. रडत-खडत, पर आली."

चौदा वर्षं त्या आणि त्यांचे यजमान दत्ताभाऊ ऊसतोडीला जात होते. दसरा झाला की मुकादमाचा ट्रॅक्टर दारात येई, ते थेट उन्हाळ्यात परत. मुलीची शाळा दरवर्षी अर्धीच. यंदा पहिल्यांदा दोघांनी ठरवलं होतं की ही बॅच नीट उतरली तर जायचं नाही. बिघडली तर ट्रॅक्टर होताच. आळ्या शेवटच्या अवस्थेत होत्या. चार-पाच दिवसांत कोष विणायला लागणार होत्या.

बांधापलीकडचं रान धाकटी जाऊ लक्ष्मी हिचं. वाटणीत तिला माळ आला. तिथं पाणी लागत नाही, म्हणून विहीर नाही, म्हणून तुतीही नाही. ती सुमनताईंकडे रोजानं पाला तोडायला येते. "जिथं पानी तिथं योजना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मला मात्र आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

संध्याकाळी हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं आणि भाकरी असं साधं, भरपेट जेवण झालं. सकाळी उठले तो डासांनी पार फोडून काढलेलं. पुण्याहून आणलेलं मलम हातापायांना चोपडलं. सुमनताई आणि दत्ताभाऊ रानात होते. शेडच्या दाराशी तुतीच्या फांद्या पडलेल्या दिसल्या, म्हटलं चला, पाहुणचाराची थोडी परतफेड करू. आत गेले आणि एका रॅकवर पाला पसरला. शेडभर आळ्यांच्या खाण्याची खसखस चालू होती. फार बरं वाटलं मला स्वतःबद्दल!

तेवढ्यात लक्ष्मी डोक्यावर भारा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"बया! वास कशाचा सुटलाय?"

"डासांचं मलम लावलंय मी."

भारा तिथंच टाकून ती धावली. मी पसरलेल्या फांद्या तिनं ओढून बाहेर फेकल्या, पडदे वर केले, "आक्का, पळ!" म्हणून सुमनताईंना हाक मारली. रॅकच्या कोपऱ्यातल्या आळ्या माना टाकून हिरवं पाणी ओकत होत्या. लक्ष्मी त्या एकेक करून वेचत होती, म्हणजे बाकीच्यांना धोका नको. मी साबण घेऊन मोरीकडे पळाले तर आतूनच ओरडली, "साबन बी नगं! त्याचा बी वास असतुय. राख लावा!"

अंगणात बसून मी रडले. कुणाचं वर्ष आपल्या दोन तळव्यांनी बुडू शकतं, हे मला माहीतच नव्हतं.

रानातून पळत येऊन शेडात शिरलेल्या सुमनताई थोड्या वेळानं बाहेर आल्या. "ताई, आमच्याबी हातनं झालंय. पयल्या बॅचला ह्यांनी तंबाखू मळला आन तसाच हात घातला." मग म्हणाल्या, "पर आता शेडात येऊ नगा."

दुसऱ्या दिवशी परतले. रेशीम बघायला जाणार असाल तर अत्तर, सुगंधी तेल, मलम घरी ठेवा आणि विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नका. बाकी पाहुणचाराला तोटा नाही.

घरी आल्यावर फोन करायचं धाडस होईना. योजना चांगली की वाईट हा वाद घालण्यात मला आता रस राहिला नाही. एका कोपऱ्यातल्या आळ्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. दसरा होऊन आठवडा झाला आणि सुमनताईंचाच फोन आला.

"कोष झ्याक उतरलं! तुमचा तेवढा कोपरा सोडून." आणि मोठ्यानं हसल्या.

"मग ट्रॅक्टर?"

"आला व्हता. आमी न्हाय चढलो. पोरगी शाळंत गेलीय बगा आता."

मला इतका आनंद झाला की पुढचं विचारायला घाबरतच होते. "आणि लक्ष्मी?"

"ती गेली ऊसतोडीला." पलीकडून शेळ्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. "तिची शेरडं आमच्या दारात बांधून गेली. ताई, लई जीवाला लागलं. पुढल्या साली आमच्या हिरीचं पानी तिच्या रानात सोडायचं, म्हनलं म्या ह्यास्नी."

"मग? काय म्हणाले दत्ताभाऊ?"

"अजून काय बोललं न्हाईत. पर म्या रोज इचारती."