हजार लिटरची टाकी

केजच्या स्टँडमागं माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकचं गॅरेज आहे. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात काम कमी, म्हणून तो दिवसभर मोबाइलवर देशोदेशीच्या पिकअप बघायचा. मी स्कूटर घेऊन गेलो की फोन माझ्या नाकापुढं.

"गुर्जी, ही थायलंडची, ही ब्राझीलची, ही ऑस्ट्रेलियाची. गाडी एकच, पण दर देशात हौदा निराळा." मग प्रत्येक फोटोवर बोटं ताणून एकच सवाल: "हजार लिटरची टाकी बसंल का?" ऑस्ट्रेलिया तेवढा पास व्हायचा.

एकदा सहकारी साखर कारखान्याचे एक संचालक त्यांची नवी कोरी, चार दारांची पिकअप ऑइल बदलायला सोडून जेवायला गेले. हौद्यावर ओरखडासुद्धा नव्हता. यानं टेप लावला अन् ओरडला, "बसती, गुर्जी!"

दोन तासांनी संचालक परतले, तेव्हा हौदा ओला होता.

"धुतली काय रे?"

"न्हाई सायेब, लोड टाकून ट्रायल घेतली. लई दमदार गाडी हाय."

संचालक खूश झाले. मी मान खाली घालून स्कूटरचा आरसा पुसत राहिलो. त्या ट्रायलचं पाणी आमच्या गल्लीत वाटलं गेलं होतं, अन् पहिल्या चार घागरी माझ्याच दारात भरल्या होत्या.