समोर काय दिसतंय?

त्या सकाळी दिनकररावांच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी कचेरीला निघायच्या तयारीत, एका पायात मोजा घालून खिडकीशी बसलो होतो. चार वर्षांच्या सवयीनं मी फोन उचलताच म्हणालो, "बोला साडूसाहेब, समोर काय दिसतंय?" पलीकडून कोणी बोललं नाही. मला वाटलं, आज सिगरेटची तलब जोराची दिसते, माणूस शब्द शोधतोय. म्हणून मी थांबलो… आपण किती समंजस श्रोते आहोत, या स्वतःच्या कौतुकात थोडा वेळ गेलासुद्धा. मग जीजींचा आवाज आला. "अरविंदराव, हे गेले. रोज चहा हेच ठेवतात, आज उठले नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर…" दुसरा मोजा माझ्या हातातच राहिला. जीजी म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि दिनकरराव त्यांचे यजमान. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मी त्यांना पहिला प्रश्न काय विचारला, ते आठवलं की अजून कान तापतात.

साडू हे नातं देव जुळवत नाही, सासरे जुळवतात. त्यातून झाशीत मराठी घरं मोजकी, तेव्हा आवडो न आवडो, प्रत्येक बारशाला नि प्रत्येक गणपतीला तेच चेहरे समोर. दिनकरराव मानिक चौकाजवळच्या गल्लीत राहायचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. मी सिविल लाइंसमधल्या सरकारी क्वार्टरात राहणारा कारकून. आमची खरी ओळख झाली ती सासऱ्यांच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. दिवाळीचं जेवण झालं की दोघे जावई "जरा हवा खाऊन येतो" म्हणून वर जायचो आणि एका काडीवर दोन सिगरेटी पेटवायचो. अशी हवा आम्ही वीस-बावीस वर्षं खाल्ली. एका दिवाळीला टाकीमागे एक फुटकी बशी ठेवलेली दिसली, राख झाडायला. सासऱ्यांनीच ठेवली होती. त्या दिवशी खाली आल्यावर आम्हा दोघांची त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. बशी मात्र वापरली.

मग दिनकररावांचा खोकला वाढला. डॉक्टरांनी सोडा म्हणून सांगितलं, आणि हे मला म्हणाले, "मी एकटा सोडणार नाही. पेटवताना बरोबर होतात, आता विझवताना कुठे पळता?" दवाखान्यात यासाठी एक वेगळी खोली होती. तिथल्या मुलीनं आम्हा दोन टकलांना शाळकरी पोरांसारखं समोर बसवलं आणि सांगितलं, "अंकलजी, तलब थोड़ी देर की मेहमान होती है. जब आए, एक-दूसरे को फ़ोन कर लिया कीजिए." झालं, आम्ही फोन सुरू केले. पहिले आठ दिवस आम्ही एकमेकांना उपदेश केला. नवव्या दिवशी कडाक्याचं भांडण झालं. मी लवंगा चघळून जीभ बधिर करून घेतली होती, शेंगदाणे खाऊन पोट पुढे आलं होतं, घरात बायको माझ्याशी मोजकं बोलत होती. दिनकरराव म्हणाले, "उपदेश बंद. तुमच्याकडे उपदेश करण्यासारखं काही नाही, माझ्याकडेही नाही. ज्याला तलब येईल त्यानं फोन करायचा, आणि दुसऱ्यानं एवढंच विचारायचं, समोर काय दिसतंय. जे दिसतं तेवढंच सांगायचं. तलब जाईपर्यंत."

पहिल्यांदा मी कचेरीच्या खिडकीतून म्हणालो, "भिंत दिसतेय. भिंतीवर बकरी आहे."

"कोणत्या रंगाची?"

"काळी."

"नुसती काळी? नीट बघा, साडूसाहेब."

नीट बघितलं तर बकरीच्या कानाच्या कडेला गूळ लागल्यासारखी तपकिरी रेघ होती. ती भिंतीवरून कशी आली, कशी उतरणार, मागचा पाय कुठे ठेवणार, हे सांगता सांगता तलब कुठे गेली ते कळलं नाही. बकरीही गेली. मग हे रोजचंच झालं. ते त्यांच्या सज्ज्यातून सांगायचे… समोरच्या दुकानात बांगड्या भरायला आलेली बाई डोळे मिटून हात पुढे करून बसलीय, तिच्या मनगटावर ऊन आलंय, किल्ल्यावर घारी फिरतायत, त्यातली एक हलतच नाही. मी फोन कानाला लावून डोळे मिटायचो आणि मला ती घार दिसायची. भर दुपारी, फायलींच्या ढिगात, सगळी झाशी पाण्यात उतरल्यासारखी सावकाश हलायला लागायची. पन्नास वर्षं मी या गावात राहिलो, पण मधे धूर होता. आता एका खोकणाऱ्या माणसाच्या आवाजातून ते गाव मला थोडं थोडं परत मिळत होतं. त्याचा खोकलाही पुढे थांबला. दुसऱ्या वर्षी किल्ल्याचा चढ ते माझ्याआधी चढले आणि वर उभं राहून, मला ऐकू येईल अशा बेतानं, माझ्या पोटाचं वर्णन करत राहिले.

पण एक गोष्ट राहून गेली. पहिल्याच उन्हाळ्यात कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या नातवाचं मुंडन मऊरानीपुरात होतं. दिनकररावांनी बजावलं होतं, "यंदा जेवणावळी टाळा. पंगतीनंतर हात पुढे येतो, तो आपल्याला ओळखतो." मी "नाही जात" म्हणालो आणि गेलो. जेवणानंतर मंडपामागे हात पुढे आला. अर्धी ओढून झाल्यावर मला इतकी भीती वाटली, की जळती सिगरेट एका हातात धरून दुसऱ्या हातानं मी त्यांनाच फोन लावला.

"बोला साडूसाहेब, समोर काय दिसतंय?"

"घरीच आहे," मी म्हणालो. "खिडकीत. गुलमोहर दिसतोय. फुललाय. लाल."

"कसा लाल?"

"लाल म्हणजे… लालच."

"बरं," ते म्हणाले. "मग बघत राहा."

मी सिगरेट चुलाणापाशी सांडलेल्या पाण्यात टाकली. घरी आलो, खिडकीत बसलो, आणि माझ्या लक्षात आलं, की समोर नुसतं आकाश होतं. गुलमोहर आदल्याच आठवड्यात आँधीत पडला होता. एवढंच नाही, तो पडल्याचं कळल्यावर दिनकरराव मुद्दाम बघायला आले होते, बुंध्यावर बसून चहा पिऊन गेले होते. मी त्यानंतर कधी सिगरेटला हात लावला नाही. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. आज सांगू, दिवाळीला सांगू, असं करत चार वर्षं गेली… आणि मग तो सकाळचा फोन आला.

तेराव्याला दिनकररावांच्या गच्चीवर त्यांचे एक शेजारी माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "छोड़ के भी क्या मिला भाई साहब को? हार्ट ही तो फेल हुआ." त्यांनी सिगरेट पुढे केली, "लीजिए, आज कौन देख रहा है." मी ती घेतली. पेटवली नाही, पण खिशात ठेवली. खोटं कशाला बोलू, जपून ठेवली.

खाली आलो तर जीजींनी एक वही हातात दिली. शाळेची साधी चित्रकलेची वही. "तुमच्याशी फोनवर असले की यांचा हात चालू असायचा," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, नुसत्या रेघोट्या मारतायत." मी उघडली तर पहिल्याच पानावर भिंतीवर बकरी, मागचा पाय अधांतरी. मी सांगितलेलं सगळं होतं… कचेरीतला बंद पंखा, सायकलवर झोपलेला कुल्फीवाला, पाणीपुरवठ्याच्या टाकीवर बसलेले दोन पोपट. सगळं पेन्सिलीनं. रंग एकाच पानावर होता. गुलमोहर, पुरता उभा, लाल खडूनं फांदी न् फांदी भरलेला. त्याच्या बुंध्यामागे एक माणूस लपला होता, आणि त्याचं पोट बाहेर आलं होतं. हात तोंडाशी होता. धूर मात्र त्यांनी काढला नव्हता.

परवा रविवारी दुपारी तलब आली. इतक्या दिवसांत अशी आली नव्हती. मी ती खिशातली सिगरेट, जी आता टेबलाच्या खणात राहायला गेलीय, काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. काडेपेटी शोधायला म्हणून उठलो आणि हातानं आपणहून दिनकररावांचा नंबर लावला. वाजला तेव्हा भानावर आलो. ठेवणार, तेवढ्यात पलीकडे उचलला गेला.

"हं, अरविंदराव," जीजी म्हणाल्या. चौकातला गोंगाट ऐकू येत होता, त्या सज्ज्यात येऊन बसल्या असाव्यात. मग त्या हळूच, पाठांतर म्हणावं तसं म्हणाल्या, "समोर काय दिसतंय?"

मी खिडकीबाहेर बघितलं. "शर्ट," मी म्हणालो. "दोरीवर वाळत घातलेला शर्ट आहे, जीजी. निळा."

"कसा निळा?"