अजून एक रविवार

शिवाजी पेठेतले ते मेस्त्री बॉनेट उघडायच्या आधी माझ्या शेजारच्या सीटवर बसून डोळे मिटायचे. "गप ऱ्हावा सर, तिला बोलू द्या," म्हणायचे.

ती जुनी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार माझ्या वडिलांची होती. चालता चालता मधेच बंद पडायची आणि दहा मिनिटांनी काहीच झालं नाही अशी सुरू व्हायची. मेस्त्री बरोबर असले की मात्र एकदाही बंद पडली नाही. तीन रविवार आम्ही राधानगरी रस्त्यावर फिरलो.

"बंद पडल्याली बघितल्याबिगर मी काय बदलणार न्हाय," ते म्हणाले. "अजून एक रविवार द्या की."

मी दिला नाही. वैतागून वारणानगरच्या एकाला गाडी विकली आणि मेस्त्रींना तोंड दाखवायचं टाळलं.

महिन्याभराने तेच घरी आले. गाडी विकल्याचं त्यांना कळलं होतं. एसटीने वारणानगरला जाऊन ते नव्या मालकाशेजारी बसले होते आणि गाडी बंद पडेपर्यंत उतरले नव्हते. मग त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, तशी सुस्सकन हवा आत गेली. झाकणातलं हवेचं बारीक भोक मळानं बुजलं होतं, टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नव्हतं. त्यांनी ते टाचणीनं मोकळं केलं.

"आता बंद पडत न्हाय," ते म्हणाले.

"बरं झालं," मी खाली बघत म्हणालो.

त्यांनी चपला पायात सरकवल्या. "एवढंच सांगाय आलतो, सर. गाडीत खोट नव्हती."