काकणांचा घरमालक

गेल्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला, दिवसाढवळ्या, पाचूबंदरच्या काकणांच्या जोडीला बेघर केलं गेलं. काकण म्हणजे आपला समुद्रगरुड. एका बंगल्यासाठी त्यांचं झाड पाडलं, घरट्यातल्या अंड्यांसकट, आणि आपण सगळे फराळ करत बसलो. तेव्हापासून आम्ही काही जण घरटी मोजत फिरतो. कुठलं झाड वाचवायचं ते आधी कळायला हवं ना?

यंदा ती जोडी बंदरावरच्या एका कोळीकाकांच्या आंब्यावर आली. आम्हाला बघितलं की काका कमरेवर हात ठेवून उभे राहतात. "मोजा, मोजा. वरनं हाडं पडतात माझ्या बोंबलांवर, ती कोन मोजनार?" दर रविवारी हेच, त्याच चालीत. पण बोंबील वाळवायच्या काठ्या त्यांनी गुपचूप पलीकडे हलवल्यात. विचारलं तर म्हणाले, "तिथं वारा बरा लागतो."

परवा आम्ही तिथेच असताना लाकडाचा व्यापारी आंबा मागायला आला. काकांनी वर बोट दाखवलं. "झाड भाड्यानं दिलंय. भाडेकरूंना विचार."

तेवढ्यात घरट्यातून पिल्लाचं एक पांढुरकं डोकं वर आलं. काकांनी माझा खांदा गदागदा हलवला. "तीन लिव्ह रे, तीन. बिऱ्हाड वाढलं." व्यापाऱ्यालाही हसू आवरेना.

वाचकहो, आजच आपल्या झाडांकडे मान वर करून बघा. घरटं दिसलं तर आम्हाला कळवा, आणि कुऱ्हाड घेऊन जो येईल त्याला वर बोट दाखवा.