टाळीताई

आमच्या टाळीताईइतकी भित्री बाई मी अख्ख्या अमरावतीत पाहिली नाही. फोन वाजला की दचकायची, नाही वाजला तर आणखी घाबरायची. आणि काम काय, तर डॉक्टरांचे इंटरनेटवरचे कॉल ज्या क्लाउड सर्व्हरमधून जातात, त्यांचा वेग मोजायचा! मी तिच्याच हाताखाली शिकले.

वेगाच्या आकड्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "स्पीडचं कौतुक मले नको सांगू. बोललेलं किती उशिरानं पोचते, ते पाह्य," म्हणायची. मग पलीकडच्या माणसाला फोनवरच सांगायची, "मी टाळी वाजवली की तुमी वाजवा." परत आलेली टाळी डोळे मिटून ऐकायची. ऑफिसात सगळे हसायचे, मीसुद्धा.

एकदा साहेबांनी नवा सर्व्हर घेतला. अमरावतीच्या ऑफिसातून मोजला, एकदम झकास! ताई मात्र मागेच लागली, "तिकडं जंगलात, सेमाडोहवरून मोजू द्या ना साहेब." साहेब म्हणाले, "उद्या मोजा." त्याच दुपारी सेमाडोहच्या दवाखान्यात बाळंतपण अडलं. अकोल्याच्या डॉक्टरीणबाई नव्या सर्व्हरवरच्या कॉलवरून सिस्टरला काय करायचं ते सांगत होत्या, आणि आम्ही दोघी ऑफिसात हेडफोन लावून ऐकत होतो. बाळ बाहेर आलं, पण रडेना. आवाज इतका उशिरा पोचत होता, की सिस्टर पुढचं विचारायची आणि बाई अजून मागचंच उत्तर देत असायच्या. दोघींचं बोलणं एकमेकींवर आदळत होतं.

कॉल जुन्या सर्व्हरवर न्यायचा तर आधी तो तोडावा लागणार. परत लागला नाही तर? "माय वं, तोडून राहिली मी," ताई म्हणाली आणि तोडला.

कानात नुसती शांतता. मग कॉल लागला. बाई ओरडल्या, "पाठ चोळा, जोरानं!" सिस्टरचं "हो" लगेच आलं, आणि त्यामागून रडणं.

ताईनं माझा हात घट्ट धरला. "रडलं ना वं? खरंच रडलं ना?" मी हो म्हटलं, तरी तिला पटेना. दुसऱ्या दिवशी एसटीनं ती थेट सेमाडोहला गेली. बाळ गाढ झोपलं होतं. ते उठून रडेपर्यंत ताई खाटेजवळून हलली नाही, असं सिस्टर सांगत होती.

आल्यावर तिनं नोकरी सोडली. "मले पुन्हा नाही तोडता येणार वं," एवढंच म्हणाली. आज तिच्या खुर्चीवर मी बसते, आणि खरं सांगते, मला रोज भीती वाटते.